हातसडीचा तांदूळ, फायटिक आम्ल आणि मुलीचे हिमोग्लोबिन

सावली_दुपारची
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही घरातला पांढराशुभ्र तांदूळ पूर्ण बंद केला आणि मावळातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून हातसडीचा इंद्रायणी आणू लागलो. घरात चार माणसे, दोन्ही वेळा भात होतोच, आणि आम्ही शाकाहारी आहोत. मध्यंतरी सोळा वर्षांच्या मुलीची रक्ततपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन १०.१ निघाले, तांदूळ बदलण्यापूर्वी ते १०.८ होते. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ते ऐकून लगेच निदान केले, की हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त धरून ठेवते, आणि ‘मावशी, तू पैसे देऊन लोह घालवते आहेस.’

माझा प्रश्न सरळ आहे. ज्या कोंड्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो, त्याच कोंड्यामुळे त्यातली खनिजे अंगी लागत नसतील, तर मी पुन्हा पॉलिशच्या तांदळाकडे वळावे का? डब्यात अजून अकरा किलो हातसडीचा शिल्लक आहे, हेही लक्षात घेऊन उत्तर द्यावे.

निवृत्त_रसायन
भाच्याचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, निदानाच्या दृष्टीने घाईचे आहे. इनोसिटॉल नावाच्या सहा कर्बअणूंच्या कड्याला सहा फॉस्फेट गट चिकटले की फायटिक आम्ल तयार होते. वनस्पती हे आपल्याला छळण्यासाठी करत नाही. बियाण्याला रुजताना फॉस्फरस लागतो आणि तो साठवण्याची ही तिची कणगी आहे. धान्यातल्या एकूण फॉस्फरसपैकी साधारण दोन-तृतीयांश ते चार-पंचमांश या कणगीतच असतो. त्या सहा गटांवरचा ऋण भार लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या धन भारांना पकडतो आणि आतड्यात न विरघळणारे क्षार तयार होतात. हे क्षार फोडणारे विकर (एन्झाइम) म्हणजे फायटेज. ते माणसाच्या लहान आतड्यात नगण्य असते, म्हणून पकडलेले खनिज बहुतांशी तसेच बाहेर जाते.

आता जागेचा मुद्दा. मक्यात हे आम्ल मुख्यतः अंकुरात असते, तांदळात मात्र ते दाण्याच्या बाहेरच्या अल्युरोन थरात दाटलेले असते. म्हणजे पॉलिश करताना जो थर कोंडा म्हणून उडतो, नेमका तोच.

आजऱ्याचा_घनसाळ
आमच्या आजीने आयुष्यभर उखळात सडलेला तांदूळ खाल्ला आणि ती नव्वदाव्या वर्षीही विहिरीवरून पाणी आणत असे. तिला फायटिक आम्ल कुणी सांगितले नव्हते म्हणून वाचली असावी.

टिपणवही
आपल्या आजीविषयी पूर्ण आदर राखून विचारतो, तिचे हिमोग्लोबिन कधी कुणी मोजले होते का? या संस्थळावर आहारावरचा कोणताही धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादात एक काटक आजी येते. ज्या आज्या चाळिशीत गेल्या त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही.

आजऱ्याचा_घनसाळ
नाही मोजले. मुद्दा मान्य आहे, आजी मागे घेतो. मात्र एक भर घालतो. उखळात सडलेला तांदूळ आणि नुसते तूस काढलेला तपकिरी तांदूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुसळाने सडताना कोंड्याचा काही भाग निघून जातो, शेवटी पाखडताना सुपात तो पिठासारखा साचतो आणि गुरांच्या आंबोणात पडतो. बाजारात ‘हातसडी’ या नावाने जो तांदूळ मिळतो तो बहुतेक वेळा गिरणीत एकदाच पॉलिश मारलेला असतो. त्यामुळे सावलीताईंच्या डब्यात नेमके काय आहे हे दाणा हातात घेऊन पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

सावली_दुपारची
आत्ता पाहिला. रंग फिकट बदामी आहे, काही दाण्यांवर उभ्या तांबूस रेघा आहेत, आणि टोकाचा अंकुर बऱ्याच दाण्यांना शाबूत आहे.

आजऱ्याचा_घनसाळ
मग एक हलका हात मारलेला आहे. कोंडा बराचसा जागेवर आहे.

त्रैराशिक
कोंडा जागेवर आहे असे धरून गणित मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटक सारणी समोर ठेवली, तर १०० ग्रॅम तपकिरी तांदळात फायटेट (म्हणजे फायटिक आम्ल आणि त्याचे क्षार) जवळपास ७४० मिलिग्रॅम आणि जस्त सुमारे १.७ मिलिग्रॅम आहे. पॉलिश केलेल्या तांदळात हेच आकडे साधारण २६५ आणि १.२ आहेत. म्हणजे पॉलिशने जस्त पाऊण हिश्श्याच्या आसपास उरते, फायटेट मात्र एक-तृतीयांशावर येते.

पोषणशास्त्रात यासाठी वजनांचे नव्हे, रेणूंचे गुणोत्तर पाहतात. फायटेटचे वजन ६६० ने आणि जस्ताचे ६५.४ ने भागून एकाला दुसऱ्याने भागले, की तपकिरी तांदळाचे गुणोत्तर ४४ च्या आसपास आणि पॉलिशचे २२ च्या आसपास येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ५ च्या खाली असेल तर जस्त चांगले शोषले जाते, ५ ते १५ मध्यम, आणि १५ च्या वर गेले की वाईट. लोहासाठी तर हे गुणोत्तर १ च्या खाली हवे. तपकिरी तांदळात ते साठच्या घरात आणि पॉलिशच्या तांदळात पस्तिसाच्या घरात आहे.

या आकड्यांवरून भाचा अर्धा जिंकतो. तपकिरी तांदळाचे गुणोत्तर दुप्पट वाईट आहे हे खरे, परंतु पॉलिशचा तांदूळ उत्तीर्ण होतो असेही नाही. दोघेही नापास आहेत, एकाला गुण कमी आहेत इतकेच.

गुहागरची_सून
तुम्ही सगळे तांदूळ कोरडाच खाता असे समजून गणिते करत आहात. आमच्याकडे तांदूळ भिजवल्याशिवाय चुलीवर चढत नाही. रात्री भिजवा, सकाळी पाणी ओतून द्या, आम्ल पाण्याबरोबर गेले. आंबोळीचे पीठ तर रात्रभर आंबते. आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते.

प्रयोगवही_क्र_७
गुहागरच्या वहिनींशी निम्मा सहमत आहे आणि निम्मा नाही. आंबवण्याचा मुद्दा खरा आहे, भिजवण्याचा नाही. गहू किंवा राय या धान्यांच्या दाण्यात स्वतःचे फायटेज भरपूर असते, तांदळात ते फार कमी असते, त्यामुळे नुसत्या भिजवण्याने तांदळात फारसे काही घडत नाही. शिवाय कोंड्यातले फायटेट पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार होऊन बारीक गोळ्यांच्या रूपात पेशींच्या आत बसलेले असते, ते पाण्यात साखरेसारखे विरघळून जात नाही.

चीनमधल्या तपकिरी तांदळावर २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी कामानिमित्त अनेकदा वाचला आहे. अख्खे दाणे २५ अंशांवर चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर फायटिक आम्ल २० टक्क्यांहूनही कमी घटले. मोड आणताना दिवसांप्रमाणे ही घट ४ पासून ६० टक्क्यांपर्यंत वाढत गेली. आंबवल्यावर ५६ ते ९६ टक्के आम्ल निघून गेले. इथपर्यंत आंबोळीचा जयजयकार करायला हरकत नाही. मात्र त्याच अभ्यासाचा पुढचा भाग कुणी सांगत नाही: आंबवून आणि मोड आणूनही त्या तांदळातले विरघळू शकणारे जस्त अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, आणि बहुतेक ओल्या प्रक्रियांत १ ते २० टक्के जस्त पाण्याबरोबर वाहून गेले. आम्ल गेले म्हणजे खनिज मोकळे झाले असा थेट हिशेब प्रयोगशाळेत जुळला नाही. खनिजाला धरून ठेवणारे दाण्यात आणखीही काही असते, उदाहरणार्थ तंतू.

गुहागरची_सून
म्हणजे आंबोळी फुकटच आंबवायची?

प्रयोगवही_क्र_७
फुकट कशी? ती जाळीदार होते, पचायला हलकी होते, आणि लोहाच्या बाबतीत फायटेट बरेच खाली गेल्याचा फायदा माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेला आहे. मी फक्त एवढेच म्हणतो आहे, की ‘भिजवले की निघून जाते’ हे वाक्य तांदळाला लागू नाही.

खुराडेवाला
या संस्थळावर माझ्या व्यवसायाचा विषय प्रथमच निघाला, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे आठ हजार लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेले, पक्षी आहेत. कोंबडीच्या पोटातही फायटेट फोडण्याची पुरेशी सोय नसते. खाद्यात मका, सोयापेंड आणि तेल काढलेला तांदळाचा कोंडा, ज्याला आम्ही डीओआरबी म्हणतो, हे सगळे फायटेटने भरलेले असते; कागदावर फॉस्फरस भरपूर दिसतो आणि पक्ष्याला मात्र तो मिळत नाही. पूर्वी त्यासाठी डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, जास्त घालावे लागे, आणि न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून शेतात आणि तिथून ओढ्यात जाई.

१९९० च्या दशकापासून बाजारात फायटेजची पूड आली. किलोभर खाद्याला ५०० युनिट हे रूढ प्रमाण आहे. टनामागे पूड इतकी थोडी लागते की ती थेट मिक्सरमध्ये टाकली तर एका पोत्यात जाते आणि दुसरे कोरडे राहते. म्हणून आधी दहा किलो भरडलेल्या मक्यात ती हाताने नीट मळून घ्यायची आणि मग ते मिश्रण मोठ्या मिक्सरमध्ये सोडायचे. एका पावसाळ्यात माझ्या गड्याने हा टप्पा गाळला होता. डीसीपी आधीच कमी केलेले होते. काही आठवड्यांत एका रांगेतल्या अंड्यांची कवचे ट्रेमध्ये ठेवतानाच चिरू लागली. पशुवैद्यांनी इतर कारणेही तपासायला लावली, पण खाद्य नीट मिसळल्यावर तक्रार थांबली. तेव्हापासून फायटेट ही माझ्यासाठी पुस्तकातली गोष्ट राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट, हे विकर उष्णतेने मरते. खाद्याच्या गोळ्या वाफेवर दाबून करायच्या असतील तर उष्णता सोसणारा प्रकार घ्यावा लागतो.

टिपणवही
मग आम्हीही वरणात चिमूटभर टाकावे काय? लेअरचे नको, ब्रॉयलरचे चालेल.

प्रयोगवही_क्र_७
विनोद म्हणून लिहिले असले तरी हा प्रयत्न झालेला आहे, आणि तोही तांदळाच्या दाण्यातच. झुरिचमध्ये इंगो पोट्रिकुस यांच्या गटाने, म्हणजे ज्यांनी अ जीवनसत्त्वासाठी जनुक बदललेला सोनेरी तांदूळ तयार केला त्यांनीच, घेवड्यातल्या लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा जनुक आणि एका बुरशीतला उष्णता सोसणाऱ्या फायटेजचा जनुक तांदळात घातला होता. दाण्यात विकर तयार झाले, मात्र बुरशीत जी उष्णता त्याने सोसली असती ती तांदळात तयार झाल्यावर सोसली नाही, आणि भात शिजवताना त्याचे काम संपले. खुराडेवाल्यांच्या गोळ्या आणि झुरिचचा भात एकाच ठिकाणी अडले.

वरकस_जमीन
मी भोरकडे भात करतो. आम्लच नसलेले वाण का काढत नाहीत, असा प्रश्न कुणी विचारण्याआधीच सांगतो, काढलेले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील व्हिक्टर राबॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यानंतर तांदळातही असे उत्परिवर्तित वाण शोधले, ज्यात एकूण फॉस्फरस तेवढाच राहतो पण फायटिक आम्ल जवळपास निम्म्याने कमी असते. अडचण अशी, की निवृत्त_रसायन यांनी वर जिला कणगी म्हटले तीच कमी केली, तर रोप कशावर उठणार? अशा वाणांत उगवण आणि उतारा कमी पडल्याच्या तक्रारी अनेक पिकांत आल्या आहेत. रोहिणीत धूळवाफेवर पेरलेले बियाणे पाऊस लांबला तरी टिकले पाहिजे, ही आमची पहिली अट असते. खाणाऱ्याच्या पोटात जस्त किती गेले हे आम्हांला खळ्यावर दिसत नाही आणि त्याचा भावही मिळत नाही.

आपल्याकडे संशोधन दुसऱ्या अंगाने चालले आहे: आम्ल कमी करण्याऐवजी जस्त वाढवायचे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान ४५ हा वाण २०१६ साली आला. त्याच्या पॉलिश केलेल्या दाण्यातही दर किलोला २२.६ मिलिग्रॅम जस्त असल्याची नोंद आहे.

त्रैराशिक
वरच्या गणितात हा आकडा घालून पाहिला. फायटेट पॉलिशच्या सर्वसाधारण तांदळाइतकेच धरले तर गुणोत्तर २२ वरून १२ च्या आसपास येते. म्हणजे ‘वाईट’ मधून ‘मध्यम’ मध्ये. कोंडा न ठेवता हे साधते, हे मला विशेष वाटले.

रेशनचा_डबा
थोडे विषयांतर वाटेल, पण आहे याच विषयातले. २०२४ मध्ये रेशनवर सगळीकडे पोषणवर्धित तांदूळ मिळू लागला. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून काढलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले असतात. ते पाण्यात तरंगले की आमच्या चाळीत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकत. म्हणजे ज्या दाण्यासाठी सरकारने खर्च केला, नेमका तोच दाणा मोरीत गेला. किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. यालाही फायटिक आम्ल आडवे येते का?

प्रयोगवही_क्र_७
येते, आणि शिवाय त्यात सहसा वापरले जाणारे फेरिक पायरोफॉस्फेट मुळातच कमी विरघळते; भाताचा रंग आणि चव बदलू नये म्हणून ते निवडतात. तरी मूळ तांदळात किलोला सहा-सात मिलिग्रॅमच लोह असते हे पाहता भर मोठी आहे. फेकू नका. थॅलेसेमियाच्या किंवा सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा.

नाडीपरीक्षक_नव्हे
मी बालरोगतज्ज्ञ आहे. संस्थळावर निदान करणार नाही, पण चर्चा जिथून सुरू झाली तिथे परत नेतो. सोळा वर्षांची मुलगी समजा दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाते. तपकिरी असेल तर त्यातून दीड मिलिग्रॅम लोह मिळते, पॉलिशचा असेल तर एक. प्रौढ स्त्रीसाठी २०२० च्या भारतीय शिफारशीत दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह धरले आहे, आणि हा आकडा इतका मोठा आहे त्याचे कारणच हे, की आपल्या धान्यप्रधान ताटातून त्यातले फार थोडे शोषले जाते. मुळात दीड मिलिग्रॅम देणाऱ्या पदार्थाची निवड बदलून हिमोग्लोबिन खालीवर होईल ही अपेक्षा चूक आहे. १०.८ हे देखील कमीच होते. तांदूळ बदलण्यापूर्वीपासून काहीतरी चालू आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासा, पाळीत रक्तस्राव किती होतो ते विचारा, जंताचे औषध कधी दिले होते ते आठवा.

कोंड्यातले फायटेट स्वतःच्या लोहापुरतेच मर्यादित राहत नाही, त्याच घासात आलेल्या पालेभाजीच्या आणि डाळीच्या लोहालाही ते धरते, हे भाच्याच्या बाजूने सांगायला हवे. पण त्याचा उतारा आपल्या ताटातच असतो. वरणभातावर लिंबू पिळतात ते चवीसाठी असले तरी क जीवनसत्त्व लोहाला फायटेटच्या हातून सोडवते. पेरू किंवा आवळा जेवणासोबत असेल तर अधिक चांगले. लिंबू भात वाढल्यावर पिळावे, शिजताना नव्हे. कोकणात भाताबरोबर मासे असतात, तेही हेच काम करतात. जस्ताला मात्र लिंबाचा उपयोग होत नाही.

फायटेटमुळे खरे नुकसान कुठे होते याचे उदाहरण तांदळाचे नसून गव्हाचे आहे. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ च्या सुमारास इराणमध्ये शिराझला असताना त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांचा मुलगा वाटत होता. तो जवळजवळ फक्त न आंबवलेली रोटी खात असे आणि मातीही खात असे. माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते ही कल्पना त्यांनी १९६१ मध्ये अशाच रुग्णांच्या अभ्यासातून मांडली. ताटात एकच धान्य आणि दुसरे काहीच नाही, तिथे हे आम्ल घातक ठरते.

मुतखड्याचा_धनी
मला एक शंका आहे. माझ्या आहारतज्ज्ञांनी कोंड्याची धान्ये वाढवायला सांगितली, कारण फायटेट कॅल्शियमचे स्फटिक जमू देत नाही. एकाच धाग्यात ते खलनायक आणि माझ्या फायलीत ते औषध, हे कसे?

नाडीपरीक्षक_नव्हे
धरून ठेवण्याचा गुण एकच आहे. मुलीच्या आतड्यात तो लोहाला धरतो म्हणून नको, तुमच्या मूत्रात तो कॅल्शियमला धरतो म्हणून हवा. तुम्ही खात राहा.

सावली_दुपारची
बारा दिवसांनी परत आले आहे. फेरिटिन ८ निघाले, म्हणजे लोहाचा साठा फारच कमी. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांतून जे बाहेर आले ते लिहिताना संकोच वाटतो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलगी घरी आणत होती आणि ‘पोटात मळमळते’ म्हणून संध्याकाळच्या चहाबरोबर घेत होती. सकाळी पोह्यांबरोबर चहा, संध्याकाळी गोळीबरोबर चहा, आणि चहा लोह शोषू देत नाही. लोहासाठी भातावर लिंबू पिळले जात नव्हते ते नव्हतेच, कारण तिला आंबट आवडत नाही. आता रोजची गोळी सुरू झाली आहे, ती पेरूबरोबर घेते, आणि चहा गोळीपासून दोन तास लांब ठेवला आहे.

तांदूळ बदललेला नाही. भाच्याला त्रैराशिक यांचे गणित पाठवले. त्याने दोनदा मोजून पाहिले आणि ४४ च येते असे कळवले. घरात आठवड्यातून दोन वेळा साधा तांदूळ आणि बाकी हातसडी अशी तडजोड झाली आहे, ती फायटेटमुळे नसून यजमानांना मऊ भात हवा म्हणून. उरलेल्या तांदळाची आंबोळी करावी म्हणते. गुहागरच्या वहिनी, हातसडीच्या तांदळाला प्रमाण तेच का?

गुहागरची_सून
तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी. हातसडीचा असेल तर तांदूळ वेगळा आणि चार तास जास्त भिजवा, नाहीतर वाटताना कणी राहते आणि तव्यावर आंबोळी फाटते. आणि भिजवलेले पाणी, प्रयोगवही काहीही म्हणोत, मी ओतूनच देते.